पेल्यातलं नातं, बँकेतलं खातं

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री आम्ही दोघं एक जपानी चित्रपट पाहत बसलो होतो. मिचिहितो फुजी या दिग्दर्शकाचा, २०२१ सालचा. बाहेरच्या जगात तो ‘अ फॅमिली’ या नावाने गेला. मूळ जपानी नावाचा अर्थ मात्र ‘याकुझा आणि कुटुंब’ असा आहे. नायक टोळीतला. दुसऱ्याने केलेला खून स्वतःच्या अंगावर घेऊन तो चौदा वर्षं तुरुंगात काढतो आणि २०१९ साली बाहेर येतो. बाहेर त्याला मोबाइल स्वतःच्या नावावर घेता येत नाही, घर कुणी भाड्याने देत नाही, बँकेत खातं निघत नाही. इतका वेळ शेंगा सोलत गप्प बसलेली सौ. म्हणाली, “अहो, याचं केवायसी राहिलंय वाटतं!”

मी हसलो. पण सारी उमेद बँकेच्या काउंटरमागे घालवलेल्या माणसाला ते हसणं फार वेळ टिकवता आलं नाही. गुन्हेगारांच्या चित्रपटात मी आजवर बंदुका पाहिल्या, तलवारी पाहिल्या. खातं उघडण्याचा फॉर्म हे हत्यार म्हणून प्रथमच पाहिलं. आणि ते हत्यार तर मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलेलं.

जपानच्या पोलीस यंत्रणेने २०२५ साली जाहीर केलेले आकडे असे आहेत : २०२४ अखेर त्या देशातल्या टोळ्यांचे सदस्य आणि त्यांचे हस्तक मिळून सुमारे १८ हजार ८०० माणसं उरली. १९६३ साली हाच आकडा १ लाख ८४ हजारांच्या घरात होता. उरलेल्यांतले निम्म्याहून अधिक पन्नाशी ओलांडलेले. सर्वांत मोठी टोळी यामागुची-गुमी ही १९१५ साली कोबे बंदरात स्थापन झाली. २०१५ साली ती फुटली, दहा वर्षं मारामाऱ्या झाल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या वरिष्ठांनी ह्योगो प्रांताच्या पोलिसांना भांडण थांबवत असल्याची लेखी हमी दिली. टोळीने पोलिसांना लेखी हमी देणं आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण जपानमध्ये टोळीचा सदस्य असणं हा अजूनही गुन्हा नाही. टोळ्यांची नावं सरकारच्या राजपत्रात येतात, त्यांची कार्यालयं असतात, एके काळी दारावर पितळी पाटीही असे.

‘याकुझा’ हा शब्द पत्त्यांच्या जुगारातून आला. आठ, नऊ आणि तीन ही पानं हाती आली तर बेरीज वीस होते, आणि त्या खेळात विसाची किंमत शून्य. म्हणजे फुकट गेलेला हात. समाजाने टाकून दिलेली ही पानं एकत्र येतात, तेव्हा ती कंपनी काढत नाहीत, की फौज उभी करत नाहीत. ती घर मांडतात. टोळीचा प्रमुख तो ‘ओयाबुन’. ‘ओया’ म्हणजे आई-बाप. हाताखालचा तो ‘कोबुन’. ‘को’ म्हणजे मूल. बापाच्या बरोबरीचा तो काका, आधी आलेला तो थोरला भाऊ. प्रमुखाच्या बायकोला सारे ‘आनेसान’ म्हणतात, म्हणजे ताई. हे नातं जोडण्याचा विधी असतो. देवासमोर बसून तांदळाची दारू, साके, एकाच पेल्यातून आधी बाप पितो, मग लेक पितो. दोघं भाऊ-भाऊ होणार असतील तर कुणी किती घोट घ्यायचा याचंही गणित असतं. निम्मं-निम्मं, सहास चार, सातास तीन. त्यावरून थोरला-धाकटा ठरतो. आपल्याकडच्या दत्तकविधानाची आठवण यावी असा हा सोहळा. फरक इतकाच की दत्तक गेलेल्या मुलाला वारसा मिळतो. इथे लेकाला मिळते ती देण्याची यादी.

या घराचं गोड चित्र जपानी पडद्याने भरपूर रंगवलं. १९६०च्या दशकात तोएई या कंपनीने असे चित्रपट ओळीने काढले. जुन्या वळणाची, शब्दाला जागणारी टोळी एका बाजूला. ठेकेदारांशी संधान बांधलेली नवी, लोभी टोळी दुसऱ्या बाजूला. नायक बहुधा केन ताकाकुरा. तो अपमान गिळत राहतो, आणि शेवटी बापासमान प्रमुखाचा खून झाला की रात्री एकटा तलवार घेऊन निघतो. कर्तव्य आणि काळीज यांची ओढाताण, असं त्याचं सूत्र. बायकांनाही त्यात जागा मिळाली : १९६८ पासूनच्या ‘रेड पिओनी’ मालिकेत जुन्को फुजी बापाच्या मागे टोळी सांभाळते. या अभिनेत्रीचे वडील कोजी शुंदो हे या चित्रपटांचे मोठे निर्माते. यामागुची-गुमीचा तिसरा प्रमुख काझुओ ताओका हा करमणुकीच्या धंद्यात इतका मुरलेला होता, की देशातली सर्वांत लोकप्रिय गायिका हिबारी मिसोरा हिच्या कार्यक्रमांची व्यवस्था त्याच्या संस्थेकडे होती. १९७३ साली त्याच्याच आयुष्यावर चित्रपट आला, त्यात ताओकाची भूमिका ताकाकुराने केली आणि निर्मिती शुंदोची. कर्जदारानेच स्वतःच्या पतीचा अहवाल लिहून द्यावा, तसा हा प्रकार!

पण त्याच १९७३ साली त्याच कंपनीने या गोड चित्राची पार लक्तरं काढणारा चित्रपट काढला, याचं मला आजही नवल वाटतं. किंजी फुकासाकुचा ‘जिंगी नाकी तातकाई’. ना नीती, ना माणुसकी अशा लढाया, असा साधारण अर्थ. तो हिरोशिमा प्रांतातल्या खऱ्या टोळीयुद्धावर आधारलेला आहे. त्यातल्या एका प्रमुखाने तुरुंगात लिहिलेल्या आठवणी त्याच्या मुळाशी आहेत. पहिलंच चित्र अणुबाँबच्या ढगाचं. मग कुरे या बंदराच्या गावातला काळा बाजार, युद्धावरून परतलेली, काम नसलेली पोरं. त्यांतला एक हिरोनो. ही भूमिका बुंता सुगावारा याने केली. त्याला बाप भेटतो तो यामामोरी. हा बाप तलवारबहाद्दर नाही. तो रडतो. पोराला खुनाच्या कामगिरीवर पाठवायचं असलं की नवरा-बायको दोघंही रडतात, सुटून आलास की सारं तुझंच म्हणतात. आणि तो सुटून आला की सगळं विसरतात. पैशाला चिकट, संकटात पळपुटा, पण डोळ्यांत पाणी हुकमी. असे बाप आपण काय फक्त टोळ्यांतच पाहिलेत?

त्यातला एक प्रसंग सांगतो. चूक झाली की डाव्या करंगळीचं पेर कापून प्रमुखापुढे ठेवायचं, ही याकुझांची प्रसिद्ध रीत. करंगळी गेली की तलवारीची मूठ ढिली होते, म्हणजे लेक बापावर अधिकच विसंबतो, असं तिचं जुनं समर्थन. हिरोनो एका भांडणाची माफी म्हणून करंगळी कापायला बसतो. जुन्या चित्रपटांत हा क्षण किती गंभीर असे! इथे ती कशी कापायची हे तिथल्या पोरांना धड ठाऊक नाही. सुरी चालते आणि तुटलेलं पेर उडून अंगणात जातं. सगळे बहाद्दर वाकून वाकून ते शोधतात, आणि सापडतं ते कोंबड्यांपाशी. प्रेक्षक हसतो. हसता हसता त्याच्या लक्षात येतं, की या घरात लेकाच्या रक्ताची किंमत तेवढीच आहे.

दुसरा प्रसंग हसवत नाही. हिरोनोचा जुना सोबती साकाई मुलीसाठी खेळणं घ्यायला दुकानात शिरतो आणि तिथेच त्याला गोळ्या घालतात. ज्या क्षणी तो खरोखरचा बाप असतो, त्या क्षणी त्याच्या खोट्या बापाचा डाव साधतो. मग थाटाची अंत्ययात्रा, मोठमोठी पुष्पचक्रं, त्यांवर देणाऱ्यांची नावं. हिरोनो साध्या कपड्यांत येतो, पिस्तूल काढतो आणि पूजेच्या मांडणीवर, त्या नावांवर गोळ्या झाडतो. माणूस एकही मारत नाही. सगळ्या चित्रपटातली हीच एक गोळीबारी मला पटली.

हे खरं म्हणजे अकिरा कुरोसावाने पंचवीस वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या १९४८ सालच्या ‘ड्रंकन एंजल’मध्ये तोशिरो मिफुने क्षयाने पोखरलेला तरुण गुंड आहे. टोळी आपल्याला मरताना तरी धरून ठेवील या विश्वासावर तो जगतो, आणि एके दिवशी दाराआडून ऐकतो, की मोठा प्रमुख त्याला प्यादं म्हणून पुढे ढकलणार आहे. त्याच्यावर खरी माया करतो तो एक दारुडा, तिरसट डॉक्टर, ज्याच्याशी त्याने कसलाच पेला घेतलेला नाही. ताकेशी कितानोच्या १९९३ सालच्या ‘सोनातिने’त प्रमुख आपल्या माणसाला ओकिनावाला मदतीला म्हणून पाठवतो, ते त्याचा इलाका गिळण्यासाठी. २०१०च्या ‘आउटरेज’मध्ये तर वरून निरोप येत राहतात आणि खाली प्रेतं पडत राहतात. एवढे चित्रपट पाहून मला एकच हिशेब दिसला : या घरात निष्ठा खालून वर जाते आणि मारहाण वरून खाली येते. खतावणीत दोन्ही नोंदी आहेत, पण त्या कधी जुळत नाहीत.

मराठी प्रेक्षकाला इथे १९९९चा ‘वास्तव’ आठवेल. त्यात आई शेवटी पोराला स्वतःच्या हाताने गोळी घालते. आपल्याकडे घर टोळीच्या बाहेर उभं असतं आणि निकाल देतं. जपानी चित्रपटात टोळीच घराची जागा बळकावून बसलेली, म्हणून निकाल द्यायला बाहेर कुणी उरत नाही. प्रमुखाची बायकोही त्याच घराची ताई होऊन जाते. १९८६ सालच्या ‘याकुझांच्या बायका’ या चित्रपटात नवरा तुरुंगात आणि बायको टोळी चालवते, हे पाहून लोकांना गंमत वाटली. पण ताओका १९८१ साली मेल्यावर नवा प्रमुख ठरेपर्यंत त्याच्या विधवेचा शब्द खरोखरच टोळीत चालत होता.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हे सारं त्यांचं त्यांच्यात. मारतात ते एकमेकांना. तसं नाही. १९९२च्या मार्चमध्ये जपानचा टोळीविरोधी कायदा अमलात आला. त्याच मे महिन्यात जुझो इतामी या दिग्दर्शकाचा चित्रपट लागला. हॉटेलात घुसून खंडणी उकळणाऱ्या याकुझांना एक वकीलबाई कशी पुरून उरते, त्याची ती कथा. त्यात याकुझा शूर नव्हते, नुसते आरडाओरडा करणारे होते. आठवडाभरात टोळीच्या माणसांनी इतामीला घराजवळ गाठलं आणि त्याच्या चेहऱ्यावर, मानेवर सुरे चालवले. २००७ साली नागासाकीचे महापौर इत्चो इतो यांना टोळीच्या एका पदाधिकाऱ्याने गोळ्या घालून ठार केलं. दक्षिणेतल्या कुदो-काई टोळीने तर एका परिचारिकेलाही भोसकलं. टोळीप्रमुख सातोरू नोमुरा हा तिच्या दवाखान्यात उपचार घेत होता, एवढाच तिचा संबंध.

या नोमुराच्या खटल्यात एक विलक्षण गोष्ट घडली. हल्ल्याचे हुकूम त्याने दिले याचा थेट पुरावा नव्हता. मुलं बापाचं नाव घेत नाहीत, ही त्या घराची सगळ्यांत पक्की शिकवण. फुकुओकाच्या न्यायालयाने २०२१ साली नेमक्या त्याच शिकवणीवर बोट ठेवलं : ज्या टोळीत वरच्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, तिथे असे हल्ले प्रमुखाच्या संमतीशिवाय होणं शक्यच नाही. त्याला फाशीची शिक्षा सुनावली. २०२४च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने एका जुन्या खुनातून त्याला सोडवलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आणली. पण बाकीच्या हल्ल्यांची जबाबदारी त्याच्यावर कायम ठेवली. लेकांच्या आज्ञाधारकपणानेच बापाला गोवलं. इतकी नाट्यमय कल्पना मी कादंबरीत घातली असती, तर संपादकांनी ती ओढूनताणून आणलेली म्हटलं असतं.

तरीही या टोळ्या खऱ्या अर्थाने मोडल्या त्या न्यायालयात नव्हे, काउंटरवर. २०११च्या ऑक्टोबरपर्यंत जपानच्या सगळ्या प्रांतांत टोळ्यांना वाळीत टाकणारे नियम लागू झाले. हे नियम टोळीवाल्यांइतकेच आपल्यासारख्यांवर आहेत : त्यांच्याशी व्यवहार करू नका, त्यांना लाभ देऊ नका. खात्याच्या, भाड्याच्या, फोनच्या करारात ‘मी टोळीचा नाही’ असं कलम आलं. खोटं लिहून खातं उघडलं तर तो गुन्हा. २०१३ साली मिझुहो या बलाढ्य बँकेने एका वित्तसंस्थेमार्फत टोळीवाल्यांना दिलेली सुमारे २३० कर्जं उघडकीला आली. बँकेला दोन वर्षांहून अधिक काळ ते माहीत होतं. नियामकांनी बँकेला चांगलंच फैलावर घेतलं. मला विचाराल तर योग्यच केलं.

अडचण पुढे आहे. टोळी सोडलेल्या माणसालाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षं टोळीचाच समजतात. सोडल्याचं नाटक करून परत धंदा चालवणारे असतात, म्हणून ही अट. पण त्या पाच वर्षांत त्याने पगार कुठे घ्यायचा? फुजीच्या चित्रपटाचा उत्तरार्ध याच प्रश्नावर आहे. परतलेल्या नायकाला म्हातारी, गलितगात्र टोळी दिसते. पोटासाठी ती रात्री चोरून वाम माशाची पिल्लं धरते. तो टोळी सोडतो. जुनं प्रेम असलेली बाई आणि चौदा वर्षांची मुलगी त्याला सापडतात, काही दिवस खऱ्या घरातला भात मिळतो. मग त्याचा फोटो इंटरनेटवर फिरतो. बाईच्या नोकरीवर गदा येते, मुलीचं शाळेत तोंड दाखवणं मुश्किल होतं. त्याच्या मित्राचंही घर त्याच फोटोपायी मोडतं आणि शेवटी तो मित्रच नायकाला भोसकतो. मिवा निशिकावा या दिग्दर्शिकेच्या ‘अंडर द ओपन स्काय’मध्ये कोजी याकुशोने अशाच एका सुटलेल्या माणसाचं काम केलं आहे. ते अधिक शांत आणि मला अधिक आवडलेलं. अनाथाश्रमात वाढलेला हा माणूस वाहन परवान्यासाठी आणि सरकारी मदतीसाठी खिडक्या-खिडक्यांतून फिरतो. वाईट कुणी वागत नाही. प्रत्येक जण फक्त नियम सांगतो.

नियम मीही सांगितले आहेत. साल १९८७ असेल. मी तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तेव्हा बचत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागे. एक तिशीचा माणूस आईला घेऊन आला. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला, हातात तुरुंगातल्या मजुरीचे थोडे पैसे. आईचं खातं नव्हतं. “साहेब, तुम्हीच करा ना सही,” म्हणाला. मी म्हटलं, “मी तुम्हाला ओळखत नाही, ओळखीचं कुणी आणा.” आई काही न बोलता पदराने तोंड पुसत उभी होती. दुसऱ्या दिवशी तो आला तो गावात मटका चालवणाऱ्या माणसाला घेऊन. त्या गृहस्थाचं आमच्याकडे जुनं खातं होतं, व्यवहार स्वच्छ, सही तंतोतंत जुळणारी. त्याने फॉर्मवर सही ठोकली, मी पासबुक दिलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्या खात्यात कधी काही खोट सापडली नाही. वर्षभराने तो माणूस दर सोमवारी त्या मटकेवाल्याची रोकड भरायला येऊ लागला. मला पाहिलं की अदबीने नमस्कार करायचा.

जपानलाही हे उशिरा का होईना, उमगलेलं दिसतं. टोळी सोडून नोकरीला लागलेल्यांना खातं उघडायला मदत करा, असं राष्ट्रीय पोलीस यंत्रणेने २०२२च्या फेब्रुवारीत आपल्या लोकांना कळवलं. हे चांगलंच झालं.

पण तोवर धंद्याने कूस बदलली होती. पोलिसांनी तिथल्या नव्या टोळ्यांना नाव दिलं आहे ‘तोकुर्यु’. निनावी आणि वाहत्या, असा त्याचा अर्थ. त्यांत बाप नाही, पेला नाही, करंगळी नाही. समाजमाध्यमांवर जाहिरात येते : एका दिवसाचं काम, भरपूर पैसे. पोरगं संपर्क साधतं. हुकूम देणारा कोण, हे त्याला कधीच कळत नाही. सोबतच्यांची खरी नावंही नाही. २०२३च्या जानेवारीत टोकियोजवळच्या कोमाए शहरात अशाच भाडोत्री पोरांनी नव्वद वर्षांच्या एका आजींना घरात घुसून मारलं. सूत्रं हलवणारे फिलिपिन्समधल्या कोठडीत बसून फोनवर बोलत होते. त्यांतल्या एकाने ‘लुफी’ हे मुलांच्या लाडक्या चित्रकथेतलं नाव घेतलं होतं.

या पोरांनी पळ का काढला नाही? कामावर घेताना त्यांच्याकडून ओळखपत्राचा फोटो घेतात, घराचा पत्ता घेतात, आई-वडिलांची माहिती घेतात. मागे हटलास तर घरी माणसं पाठवू, म्हणतात. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे केवायसी त्यांनीच पुरं केलं की!” या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या पोलीस यंत्रणेने एक चित्रफीत काढून या पोरांना आवाहन केलं : अडकला असाल तर आमच्याकडे या, आम्ही तुम्हाला संरक्षण देऊ. त्या आवाहनात तुम्हाला या शब्दाबरोबर तुमच्या कुटुंबालाही, असं मुद्दाम म्हटलेलं आहे.